एफएमजीईसाठी पॅथो आणि फार्माक एकाच कागदावर

एफएमजीई म्हणजे परदेशात एमबीबीएस केलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्याआधी द्यावी लागणारी परीक्षा. तिच्या ३०० प्रश्नांपैकी पॅथॉलॉजीचे (आजार कसा घडतो) १३ आणि फार्माकॉलॉजीचे (औषधं कशी चालतात) १३. पास व्हायला १५० हवेत. हे आकडे पाहून पुष्कळ जण दोन्ही विषय शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात आणि मेडिसिनच्या मागे लागतात. पण मेडिसिनचे ३३, गायनॅकचे ३०, पेडियाट्रिक्सचे १५ प्रश्न नीट उघडून बघा. ‘पेशंटला अमुक औषध सुरू केलं, आठवड्याने तमुक झालं, कारण काय?’ हा प्रश्न कुठल्याही विषयाच्या नावाखाली आला तरी आतून तो पॅथो-फार्माकचाच असतो.

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांची अडचण आणखी एक. दोन विषय दोन वेगळ्या सेमिस्टरला होऊन गेलेले असतात. फार्माकच्या वहीत औषधांच्या याद्या, पॅथोच्या वहीत स्लाइडची वर्णनं, आणि दोन वह्यांची गाठ कधी पडलेलीच नसते. ती गाठ घालून द्यायची पद्धत इथे सांगितली आहे. दहा आठवडे हाताशी असतील तर ती निवांत बसते. सहाच आठवडे असतील तर कागद साठऐवजी चाळीस धरा.

कागद कसा करायचा

एक ए-फोर कागद, एकच बाजू, एक आजार. वरून खाली पाच थांबे: नॉर्मल काय चालतं, कुठे तुटतं, पेशंटमध्ये आणि रिपोर्टमध्ये काय दिसतं, औषध कुठे बसतं, आणि त्याच जागेवरून कोणता त्रास निघतो. थांब्यांच्या मध्ये बाण. प्रत्येक बाणावर मनात ‘म्हणून’ हा शब्द ठेवून बघायचा. ‘पोटॅशियम वाढतं’ असं लिहिलंत आणि त्याआधी ‘म्हणून’ बसत नसेल, तर तिथे भोक आहे. ती ओळ पाठ आहे, समजलेली नाही.

आधी पंधरा मिनिटं नोट्स वाचा, पेन हातात न घेता. मग सगळं बंद करून दहा मिनिटांत निळ्या पेनाने साखळी उतरवा. नंतर नोट्स उघडून पाच मिनिटांत राहिलेलं लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी डोळे लाल शाईकडेच जायला हवेत, कारण आपलं काय निसटतं हे ती सांगते. ज्यांचा अख्खा कागद निळा येतो त्यांनी बहुतेक वेळा नोट्स उघड्या ठेवून लिहिलेलं असतं. अशा कागदावरून आठवड्याभराने काहीच आठवत नाही.

कागद मागच्या बाजूला गेला की थांबा आणि त्याचे दोन कागद करा. ‘हार्ट फेल्युअर’ एका बाजूवर मावत नाही. ‘हार्ट फेल्युअरमधलं रेनिन-अँजिओटेन्सिन’ मावतं.

साठ कागदांची वाटणी साधारण अशी ठेवा: इन्फेक्शन १४, हृदय, एंडोक्राइन, मेंदू-मानसिक आणि रक्त-कॅन्सर प्रत्येकी ८, किडनी ६, फुप्फुस-पोट ५, जनरल पॅथॉलॉजी ३. इन्फेक्शनला जास्त जागा मुद्दाम दिली आहे, कारण तिथे मायक्रोबायोलॉजीचे १३ प्रश्नही सोबत सुटतात.

पहिला कागद टीबीचा

मुंबईत राहून अभ्यास करणाऱ्याने टीबीपासून सुरुवात करावी. हा आजार इथल्या प्रत्येक ओपीडीत आहे, शिवडीला त्याचं स्वतंत्र हॉस्पिटल आहे, आणि इंटर्नशिपला तो पहिल्या आठवड्यातच समोर येणार आहे. शिवाय या एका कागदात इम्युनॉलॉजी, पॅथो, मायक्रो आणि फार्माक चारही येतात.

नॉर्मल: मॅक्रोफेज (जंतू खाणारी पेशी) जंतू गिळतो, फॅगोसोमला (गिळलेल्या जंतूच्या पिशवीला) लायसोसोम (पचवणारी पिशवी) येऊन मिळतो, जंतू मरतो. टीबीचा जंतू हे मिलनच होऊ देत नाही, म्हणून तो मॅक्रोफेजच्या आत जगतो. म्हणून मॅक्रोफेजला मदत मागावी लागते: तो आयएल-१२ हा संदेश सोडतो, त्यातून टीएच-१ पेशी तयार होतात, त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि त्याने चेतवलेले मॅक्रोफेज एपिथेलिऑइड पेशी बनतात. काही एकत्र येऊन लँगहान्स जायंट सेल होतात. टीएनएफ हाही असाच संदेश, तो ही सगळी गर्दी (ग्रॅन्युलोमा) जागेवर धरून ठेवतो. मधोमध केझियस नेक्रोसिस, म्हणजे चीजसारखा मेलेला भाग.

आता याच बाणांवर बोट ठेवून प्रश्न काढा. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं, टीएनएफ गेला, म्हणून ग्रॅन्युलोमा सुटला आणि झोपलेला टीबी जागा झाला. म्हणून ते औषध सुरू करण्याआधी लेटंट टीबीची तपासणी. एचआयव्हीत सीडी-४ पार खाली गेले, म्हणून धड ग्रॅन्युलोमाच बनत नाही, म्हणून एक्स-रेत कॅव्हिटी दिसत नाही आणि थुंकीचा स्मिअर निगेटिव्ह येऊ शकतो. लहान बाळाला बीसीजीनंतर सगळीकडे इन्फेक्शन पसरलं, म्हणजे आयएल-१२ किंवा इंटरफेरॉन-गॅमाच्या वाटेत जन्मजात खोट. मांटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) ४८ ते ७२ तासांनी वाचतात, कारण टी-पेशींना जमायला तेवढा वेळ लागतो. ती टाइप-४ हायपरसेन्सिटिव्हिटी. एका साखळीतून चार प्रश्न निघाले, आणि औषधांपर्यंत अजून आपण पोचलोही नाही.

औषधांचा थांबा. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही दोन्ही कच्ची औषधं आहेत. जंतूने स्वतःच्या एन्झाइमने ती तयार केल्याशिवाय चालत नाहीत. आयसोनियाझिडला कॅट-जी लागतो, पायराझिनामाइडला पीएनसी-ए. म्हणून जंतूने ते एन्झाइम बिघडवून घेतलं की रेझिस्टन्स तयार. कॅट-जी बिघडला तर मोठ्या प्रमाणातला रेझिस्टन्स. आयएनएच-ए प्रमोटरमध्ये बदल झाला तर कमी प्रमाणातला, आणि सोबत इथिओनामाइडही निकामी, कारण त्याचं लक्ष्य तेच आहे. आयसोनियाझिड मायकोलिक अ‍ॅसिड बनू देत नाही, इथॅम्ब्युटॉल अराबिनोगॅलॅक्टन बनू देत नाही, रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेजच्या बीटा भागाला धरतं. त्या भागाचा जीन आरपीओ-बी, आणि सीबीनॅट मशीन त्याच जीनमधला बदल शोधतं. म्हणून नेहमीच्या सीबीनॅटचा रिपोर्ट ‘रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह’ आला तरी आयसोनियाझिड चालेल याची खात्री मिळत नाही. ती फर्स्ट लाइन एलपीए या जीन-तपासणीत मिळते, कारण त्यात कॅट-जी आणि आयएनएच-एही बघतात. हा फरक लाल शाईने लिहा.

पाचव्या थांब्यावर बहुतेकांचा कागद पातळ होतो. ‘आयसोनियाझिड: न्युरोपथी’ एवढं लिहून लोक पुढे जातात. मधली पायरी लिहा: शरीरातलं बी-६ कमी पडतं. मग बी-६ कुठे कुठे लागतं ते विचारा. ग्लुटामेटपासून गाबा करायला लागतं, म्हणून ओव्हरडोसमध्ये फिट्स येतात आणि त्यावर उतारा पायरिडॉक्सिन. हीम बनवण्याच्या पहिल्या पायरीला, एएलए सिंथेजला लागतं, म्हणून सिडेरोब्लास्टिक अ‍ॅनिमिया. नसांना लागतं, म्हणून हातापायांना मुंग्या, आणि स्लो अ‍ॅसिटिलेटरमध्ये जास्त, कारण औषध शरीरात रेंगाळतं. तीन वेगळी पाठांतरं करण्यापेक्षा एक बी-६ लक्षात ठेवणं सोपं आहे.

रिफॅम्पिसिन लिव्हरची एन्झाइम्स वाढवतं, म्हणून गर्भनिरोधक गोळी फेल जाते, वॉरफरिन कमी पडतं आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावं लागतं. पायराझिनामाइडने युरिक अ‍ॅसिड वाढतं. इथॅम्ब्युटॉलने लाल-हिरव्यात गोंधळ होतो. ते किडनीतून बाहेर पडतं, म्हणून किडनी खराब असेल तर डोस जपून. कावीळ झाली तर चारांपैकी इथॅम्ब्युटॉल एकटं लिव्हरच्या दृष्टीने निर्धोक.

बाहेर शिकलेल्यांची एक ठरलेली चूक इथेच होते. परदेशी नोट्समध्ये पुढचे चार महिने फक्त दोन औषधं असतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात साध्या टीबीला दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल. परीक्षा इथली आहे, इथलंच लिहा.

रेझिस्टंट टीबीसाठी कागदाच्या तळाला दोन ओळी पुरतात. बेडाक्विलिन जंतूचं एटीपी सिंथेज बंद पाडतं आणि ईसीजीतलं क्यूटी लांबवतं. लिनेझोलिड ५०-एसवर (जंतूच्या रायबोसोमच्या मोठ्या भागावर) बसतं. आपल्या मायटोकाँड्रियातली प्रोटीन बनवण्याची यंत्रणा जंतूसारखीच, म्हणून तिलाही झळ लागते आणि बोन मॅरो दबतो, नसा दुखतात. ते एमएओ हे सेरोटोनिन तोडणारं एन्झाइमही थोडं अडवतं, म्हणून डिप्रेशनच्या एसएसआरआय औषधांसोबत सेरोटोनिन सिंड्रोमची भीती.

दुसरा कागद: रेनिन-अँजिओटेन्सिन

या कागदावर किडनीचं चित्र काढा, शब्द कमी ठेवा. ग्लोमेरुलसकडे (गाळणीकडे) येणारी रक्तवाहिनी अफरंट, बाहेर जाणारी इफरंट, मधे जाळी. अँजिओटेन्सिन-२ मुख्यतः इफरंट आवळतं, म्हणून रक्तपुरवठा कमी असतानाही जाळीतला दाब टिकतो. प्रोस्टाग्लँडिन अफरंट उघडी ठेवतं. एवढं चित्र डोळ्यांसमोर असलं की बाकीचं आपोआप उतरतं.

एसीई इनहिबिटर (अँजिओटेन्सिन-२ बनू न देणारं औषध) दिलं, इफरंट सैल झाली, जाळीतला दाब उतरला. डायबेटिक पेशंटमध्ये हेच हवं असतं, लघवीतलं अल्ब्युमिन कमी होतं. क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ धरून चालतात, औषध बंद करत नाहीत. दोन्ही बाजूंची रीनल आर्टरी आकसलेली असेल तर मात्र तो इफरंटचा दाब हाच आधार असतो, म्हणून तिथे हे औषध वर्ज्य. एसीई इनहिबिटर चालू असलेल्या पेशंटने गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतलं तर अफरंटही आवळली, वरून डाययुरेटिकने व्हॉल्यूम कमी केला, तर किडनी बसते. तिन्ही औषधं एकाच प्रिस्क्रिप्शनवर असलेला प्रश्न पेडर रोडच्या आजोबांचा असो की परळच्या, उत्तर याच चित्रात आहे.

एसीई ब्रॅडिकायनिनही तोडतं. ते अडवलं, ब्रॅडिकायनिन साठलं, म्हणून कोरडा खोकला आणि कधी तोंड-जीभ सुजणं. एआरबी खाली अँजिओटेन्सिनच्या रिसेप्टरवर बसतं, ब्रॅडिकायनिनला हात लावत नाही, म्हणून खोकला नाही. नेप्रिलायसिन हे एन्झाइमही ब्रॅडिकायनिन तोडतं. सॅक्युबिट्रिलने ते अडवलं आणि सोबत एसीई इनहिबिटरही असलं तर अँजिओएडेमाचा (त्याच तोंड-जीभ सुजण्याचा) धोका, म्हणून दोघांत ३६ तासांचं अंतर. नेप्रिलायसिन बीएनपी हे हृदयाचं हार्मोनही तोडतं, म्हणून सॅक्युबिट्रिलवरच्या पेशंटमध्ये एनटी-प्रोबीएनपी बघायचं, साधं बीएनपी नाही. अल्डोस्टेरॉन घटलं म्हणून पोटॅशियम वाढलं. गर्भातल्या बाळाची किडनी याच यंत्रणेवर वाढते, म्हणून गरोदरपणात बंदी. लघवी कमी, म्हणून गर्भजल कमी.

एसजीएलटी-२ इनहिबिटर (डायबेटिसची औषधं) याच चित्रात बसवा. मॅक्युला डेन्साकडे (किडनीतल्या मीठ मोजणाऱ्या पेशींकडे) जास्त सोडियम पोचतं, म्हणून अफरंट आवळते. एसीई इनहिबिटर बाहेरचा दरवाजा उघडतं, हे आत येणारा दरवाजा ओढून घेतं. दोन्हींनी जाळीवरचा ताण उतरतो.

जिथे एका पायरीतून सगळं निघतं

काही औषधं शिकवायलाच जन्मलेली असावीत अशी असतात. सर्पगंधा त्यातली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ब्लडप्रेशरवरचा तिचा उपयोग मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्यातलं रिसर्पिन नसांच्या टोकाशी असलेल्या पिशव्यांचा व्हीमॅट हा पंप बंद करतं. पिशव्या रिकाम्या राहतात. नॉरएपिनेफ्रिन नाही म्हणून बीपी उतरतं. डोपामिन नाही म्हणून पार्किन्सनसारखी लक्षणं. मोनोअमाइन्सचा साठाच संपला म्हणून उदासीची भीती. हाच पंप आज टेट्राबेनाझिन अडवतं, पण हंटिंग्टनच्या कोरियासाठी. म्हणजे जुन्या औषधाचा साइड इफेक्ट नव्या औषधाचा उपयोग झाला. असा धागा सापडला की दोन्ही औषधं एकाच कागदावर घ्या.

ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांच्या) विषबाधेचा कागद करताना दोन रकाने पाडा: मस्कॅरिनिक आणि निकोटिनिक. लाळ, घाम, जुलाब, छातीत पाणी, बारीक बाहुल्या डावीकडे. स्नायू फडफडणं आणि लुळेपणा उजवीकडे. अ‍ॅट्रोपिन फक्त डावा रकाना सुधारतं, म्हणून अ‍ॅट्रोपिन पोटभर देऊनही श्वासाचे स्नायू दुबळे राहू शकतात. अ‍ॅट्रोपिन पुरेसं झालं हे कोरड्या छातीवरून ठरवायचं, बाहुल्यांवरून नाही. प्रॅलिडॉक्झिम एन्झाइम सोडवतं, पण विषाचा बंध पक्का होण्याआधी.

पॅथोच्या बाजूनेही मुंबईचं नाव असलेला एक प्रश्न पक्का करा. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथे बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला. या माणसांत एच अँटिजेनच नसतं, म्हणून ए किंवा बी बसवायला जागाच नाही, म्हणून कार्डावर ग्रुप ‘ओ’ दिसतो. पण ओ ग्रुपच्या पेशींवर एच भरपूर, आणि यांच्या रक्तात अँटी-एच. म्हणून ओ निगेटिव्ह दिलं तरी हिमोलिसिस. यांना फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं.

पावसाळ्यातले तीन कागद एकाच दिवशी

मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हे तिन्ही शेजारी ठेवून करा, कारण परीक्षेत पर्याय म्हणून ते एकमेकांच्या शेजारीच येतात.

मलेरियात प्रश्न फिरतात ते दोन गोष्टींभोवती. व्हायवॅक्स लिव्हरमध्ये हिप्नोझोइट म्हणून लपून बसतो, म्हणून क्लोरोक्विननंतर १४ दिवस प्रायमाक्विन, ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो. फॅल्सिपेरममध्ये प्रायमाक्विनचा ०.७५ चा एकच डोस, आणि तो गॅमेटोसाइट मारायला. हेतू वेगळा, म्हणून डोस वेगळा. लाल पेशींना जपणारं जी-६-पीडी हे एन्झाइम नसताना प्रायमाक्विन दिलं तर एनएडीपीएच तयार होत नाही, ग्लुटाथायोन ताजं होत नाही, हिमोग्लोबिन ऑक्सिडाइज होऊन हाइन्झ बॉडी बनतात, प्लीहा त्या चावून काढते, म्हणून बाइट सेल. गर्भातल्या बाळाचं जी-६-पीडी आपल्याला माहीत नसतं, म्हणून गरोदरपणात प्रायमाक्विन नाही.

डेंग्यूत ताप उतरताना धोका सुरू होतो, कारण तेव्हा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा गळतो. हिमॅटोक्रिट चढणं ही त्याची खूण. दुसऱ्यांदा वेगळ्या सिरोटाइपचा डेंग्यू जास्त जड, कारण जुनी अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरायला मदतच करते. तपासणी सुरुवातीच्या दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रोटीन), साधारण पाचव्या दिवसापासून आयजीएम (अँटिबॉडी). अ‍ॅस्पिरिन नाही, कारण प्लेटलेटचं कॉक्स-१ ते कायमचं बंद करतं.

लेप्टो साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेतून शिरतो आणि लहान रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब करतो. बिलिरुबिन खूप वर आणि एन्झाइम्स त्या मानाने थोडी वाढलेली, हा रिपोर्ट ओळखता आला पाहिजे. किडनी बिघडलेली, तरी पोटॅशियम कमी. डोळे लाल, पण पू नाही. त्यावरचं डॉक्सिसायक्लिन ३०-एसवर (रायबोसोमच्या लहान भागावर) बसतं आणि कॅल्शियमला चिकटतं, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांत दातांचा प्रश्न, म्हणून दूध-अँटासिडसोबत घेऊ नये.

गणिताचे मार्क सोडू नका

फार्माकोकायनेटिक्सची गणितं पाहून पान उलटायची सवय मोडा. एकच उदाहरण पाच वेळा हाताने सोडवा. व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन (औषध पसरण्याची जागा) ४० लिटर, क्लिअरन्स (ती जागा औषधापासून मोकळी होण्याचा वेग) तासाला २ लिटर, हवी असलेली पातळी लिटरला १० मिलिग्रॅम. लोडिंग डोस ४० गुणिले १०, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. तोंडाने दिलं आणि बायोअव्हेलेबिलिटी ०.८ असेल तर ४०० भागिले ०.८, म्हणजे ५००. मेंटेनन्स २ गुणिले १०, तासाला २० मिलिग्रॅम. हाफ लाइफ ०.६९३ गुणिले ४० भागिले २, साधारण १४ तास. स्टेडी स्टेट चार ते पाच हाफ लाइफमध्ये, म्हणजे ५६ ते ७० तासांत.

आता सूत्राकडे पुन्हा बघा: लोडिंग डोसमध्ये क्लिअरन्स कुठेच नाही. म्हणून नुसती किडनी खराब झाली आणि व्हॉल्यूम तेवढाच राहिला, तर लोडिंग डोस तोच, मेंटेनन्स कमी. गणित न घालता हाच मुद्दा शब्दांत विचारतात. फेनिटॉइन, अल्कोहोल आणि जास्त डोसमधलं अ‍ॅस्पिरिन झिरो ऑर्डरने, म्हणजे तासाला ठरावीकच मिलिग्रॅम, जातं. तिथे हाफ लाइफचा हा हिशोब चालत नाही आणि डोस थोडा वाढवला तरी पातळी एकदम उडी मारते.

रोजचा हिशोब

दिवसाला दोन नवे कागद. प्रत्येक कागद दुसऱ्या, पाचव्या, बाराव्या आणि पंचविसाव्या दिवशी पुन्हा. उजळणी म्हणजे वाचणं नाही: कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर पाच मिनिटांत साखळी लिहायची, मग मूळ कागदाशी ताडायची. चक्र पूर्ण फिरू लागलं की रोज आठ जुने कागद येतात, चाळीस मिनिटं. नवे दोन, एक तास. मग २५ प्रश्न २५ मिनिटांत आणि त्यांची चिरफाड ३५ मिनिटांत. एकूण दोन तास चाळीस मिनिटं. साठ कागद तीस दिवसांत लिहून होतात, शेवटच्या कागदाची चौथी उजळणी पंचावन्नाव्या दिवसाच्या आसपास येते, आणि शेवटचे दहा दिवस फक्त लाल शाईसाठी मोकळे राहतात.

एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी नवे कागद बंद ठेवा, जुने आधी. नवं पुढे रेटत राहिलं की जुन्याचा ढीग पंधरवड्यात शंभरावर जातो आणि मग सगळी पद्धतच सोडून दिली जाते. हे फार वेळा होतं.

कल्याण किंवा विरारहून दादर-परळच्या अभ्यासिकेत येणाऱ्यांचा तासभर लोकलमध्ये जातो. गर्दीत मोबाइलवर नोट्स वाचायचा हट्ट नको. चढताना एक आजार ठरवा आणि साखळी मनात बोला, मराठीत. नावं इंग्रजीच ठेवा, पेपर इंग्रजीत आहे. क्रियापदं मात्र मराठी: ‘अडवतं’, ‘साठतं’, ‘गळतं’, ‘आवळतं’. इंग्रजी वाक्य पाठ असलं तर ते न समजताही तोंडातून जातं. मराठीत बोलताना अडलात तर कुठली पायरी कळलेली नाही ते तिथल्या तिथे उघडं पडतं. उतरल्यावर अडलेली जागा कागदावर लाल करा.

चुकांची वही

शंभर पानी वही घ्या. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाची एक ओळ आणि पुढे एक अक्षर. माहितीच नव्हती तर ‘मा’. माहिती होती पण जोडता आली नाही तर ‘जो’. दोन सारख्या नावांत घोळ झाला तर ‘घो’. ‘नाही’, ‘सोडून’, ‘सर्वांत आधी’ असे शब्द वाचायचे राहिले तर ‘वा’. तुक्क्याने बरोबर आलेला प्रश्नही चुकलेलाच धरा.

आठवड्याच्या शेवटी अक्षरं मोजा. ‘मा’ जास्त असतील तर तो कागद अजून झालेलाच नाही, तो पुढे ओढा. ‘जो’ जास्त असतील तर नवीन वाचन थांबवा; जुन्या कागदांच्या बाणांवर बसा आणि प्रत्येक बाणावरून स्वतः एक प्रश्न तयार करा. ‘वा’ साठी अभ्यास वाढवून उपयोग नाही: प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावा, मग पेशंटची गोष्ट.

‘घो’ साठी वहीच्या मागच्या पानांवर जोड्या लिहा, आणि प्रत्येक जोडीसमोर फरकाची एकच पायरी. व्हिंका औषधं मायक्रोट्युब्युल बनू देत नाहीत, टॅक्सेन बनलेलं मोडू देत नाहीत. व्हिन्क्रिस्टिन नसांवर जातं, व्हिनब्लास्टिन मॅरोवर. डॉक्सोरुबिसिन हृदयावर, ब्लिओमायसिन फुप्फुसावर. सायक्लोफॉस्फमाइडने लघवीत रक्त, कारण अ‍ॅक्रोलिन, त्यावर मेस्ना. मेथोट्रेक्सेटवर ल्युकोव्होरिन. नावाच्या शेपटीवर विसंबू नका: ‘लोल’ पाहून फक्त बीटा ब्लॉकर म्हणाल, पण लॅबेटालॉल आणि कार्व्हेडिलॉल अल्फाही अडवतात.

शेवटचे दहा दिवस आणि पेपर

नवीन काहीही उघडू नका, मित्राने पाठवलेली ‘हमखास’ पीडीएफसुद्धा नाही. रोज सहा कागद, फक्त लाल शाई; जे लाल आता पटकन आठवतं त्यावर आडवी रेघ. दहाव्या दिवशी रेघ न मारलेलं जे उरतं ते दोन पानांत मावतं. ती दोन पानं आदल्या संध्याकाळी एकदा बघा आणि फाइल बंद करा.

या काळात पूर्ण लांबीचे दोन मॉक द्या, दोन्ही भाग एकाच दिवशी: १५० प्रश्न, १५० मिनिटं, मधे जेवण, पुन्हा १५० प्रश्न, १५० मिनिटं. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या तासात ‘वा’ किती वाढतात ते मोजा. तिथे ते दुप्पट होत असतील तर दुपारचं जेवण हलकं करा आणि रोजचे २५ प्रश्न दुपारी तीननंतर सोडवायला घ्या.

पेपरमध्ये औषधाचं नाव ओळखीचं नसेल तर पेशंटकडे वळा: बिघडलेली पायरी कुठली ते ठरवा आणि त्या पायरीवर बसणारा पर्याय शोधा. दोन पर्याय उरले आणि मिनिट संपत आलं तर एक निवडून खूण करून पुढे जा. एफएमजीईला निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि भाग बंद व्हायच्या आत एकही प्रश्न कोरा नाही ना, हे आकड्यांच्या पॅनेलवर बघून घ्या.